सात नंबरचा चिमटा

एका ओळीची ती काय मिजास, असं मीसुद्धा समजत होतो. चाळीस हजार ओळींच्या प्रोग्रॅममध्ये एखादी ओळ जास्त राहिली म्हणजे पोत्यात एक खडा राहिला. तो नेमका कुणाच्या दाताखाली येणार? पण तो आला, आणि नऊ नंबरच्या बेडवरच्या एका आजोबांच्या आला.

आमची कंपनी छोटी, दहा माणसांची. आम्ही दवाखान्यांसाठी बेल तयार करतो. रुग्णाच्या उशाशी एक बटण असतं, ते दाबलं की सिस्टरांच्या टेबलावर बेडचा नंबर उजळतो आणि टिंग वाजतं. यात प्रोग्रॅमिंग ते काय, हा प्रश्न माझ्या सासऱ्यांना अजून पडतो. "बटण, वायर आणि दिवा," ते म्हणतात, "यासाठी दहा जणांना पगार?" मी उत्तर देत नाही. जावयाने काही गोष्टी गिळायच्याच असतात.

ती राहिलेली ओळ काय होती, ते सांगायला हवं. प्रोग्रॅममध्ये चूक कुठे आहे ते सापडेनासं झालं की आम्ही लोक त्यात ब्रेकपॉइंट घालतो. म्हणजे यंत्राला सांगून ठेवायचं, बाबा रे, या ओळीशी आलास की उभा राहा आणि मी 'चल' म्हणेपर्यंत हलू नकोस. ते उभं राहतं. आपण आत डोकावून बघतो, कुठे काय अडलंय, कुणाच्या हातात काय आहे. बघून झालं की ती ओळ काढून टाकायची. काढायची राहिली तर यंत्र पुन्हा तिथवर येतं आणि निमूट उभं राहतं. त्याला वाटतं मालक बघतोय. मालक जेवायला गेलेला असतो.

मी जेवायलाच गेलो होतो. बारा बेडच्या एका नर्सिंग होममध्ये आमची बेल चाचणीसाठी लावली होती, आणि मी माझी ती ओळ आत विसरलो होतो. जेवून, हात पुसत परत आलो तर माझ्या स्क्रीनवर यंत्र चाळीस मिनिटं 'चल' म्हणण्याची वाट बघत उभं. मी घाईघाईने 'चल' म्हटलं. त्याबरोबर तिकडे नर्सिंग होममध्ये नऊ नंबरची बेल वाजली. मग पुन्हा वाजली. मग वाजतच राहिली. आजोबांनी चाळीस मिनिटांत त्रेसष्ट वेळा बटण दाबलं होतं आणि यंत्राने त्यातली एकही हाक टाकून दिली नव्हती. सगळ्या क्रमाने हातात धरून ते उभं होतं, आणि सोडल्याबरोबर एकेक करून सगळ्या पोचत्या केल्या.

शरम वाटायला हवी होती, ती नंतर वाटलीच. पण आधी वाटलं ते नवल. मी विसरलो, पण ते विसरलं नव्हतं. माझ्या सांगण्यावरून इतक्या निष्ठेने आजवर कुणी थांबलेलं नाही, माझ्या घरातलं तर कुणीच नाही.

आजोबांना पडदा ओढून हवा होता. डोळ्यांवर ऊन येत होतं आणि दोन्ही गुडघ्यांची ऑपरेशनं झाल्यामुळे त्यांना उठता येत नव्हतं. सिस्टर धावत पोचल्या तेव्हा ऊन आपणहून सरकून गेलं होतं. आजोबा म्हणाले, "आता राहू द्या." हे तीन शब्द मला फोनवर जसेच्या तसे सांगण्यात आले.

साहेब रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं, भांडता तरी आलं असतं. त्यांनी मला खुर्ची दिली, पाणी मागवलं आणि म्हणाले, "सहा आठवड्यांनी दोनशे चाळीस बेडचं नवीन हॉस्पिटल आहे. तिथे अशी एकही ओळ जाता कामा नये. ते तुम्ही बघा. तुम्हाला अनुभव आहे." त्या शेवटच्या वाक्याने मी दोन दिवस नीट जेवलो नाही. त्यात ऑफिसातल्या मंडळींनी माझं नाव 'बसस्टॉप' ठेवलं. मी आलो की कुणीतरी सरकून जागा करायचं.

मग मी राखणदार तयार केला. राखणदार म्हणजे एक छोटा प्रोग्रॅम, जो रिलीजच्या आधी सगळ्या ओळी वाचतो आणि ब्रेकपॉइंट दिसला की बोंब मारतो. दोन दिवसांचं काम होतं. पहिल्याच दिवशी त्याने चारशे अकरा वेळा बोंब मारली. त्यातल्या चारशे दोन ठिकाणी 'इथे ब्रेकपॉइंट घालू नये' अशी आमचीच सूचना लिहिलेली होती. उरलेल्या नऊपैकी एक साहेबांचा होता, ते स्वतः प्रोग्रॅम लिहीत त्या काळातला. शेजारी लिहिलं होतं, 'थांब, चहा घेऊन येतो.' साहेबांचा चहा अकरा वर्षं चालला होता. सुदैवाने तो भाग कुणी वापरत नव्हतं.

पण खरी अडचण पुढेच होती. सगळे काही रीतसर ब्रेकपॉइंट घालत नाहीत. प्रत्येकाच्या तपासण्याच्या आपल्या दोन-तीन खासगी खुणा असतात आणि त्या दात घासण्याच्या पद्धतीइतक्याच झाकून ठेवलेल्या असतात. मी एक कागद फिरवला: 'आपण कोणत्या खुणा वापरता, कृपया प्रामाणिकपणे लिहावे.' तो संध्याकाळी कोरा परत आला, वर चहाचा एक डाग घेऊन. मग मात्र एकेक जण पाणी प्यायच्या निमित्ताने येऊन कानात सांगू लागला. एक जण स्क्रीनवर 'इथवर आलो' असं छापायचा. दुसरा 'अजून जिवंत'. आमच्याकडे एक अत्यंत मऊ बोलणाऱ्या बाई आहेत, त्या साहेबांना उद्देशून जे छापायच्या ते ऐकून मी खुर्चीवर बसलो. एक जण यंत्राला चक्क तासभर झोपवायचा. आमचा एक सहकारी दिवसाला मोजून पाच वाक्यं बोलतो, त्याला सगळे मौनी म्हणतात. त्याची खूण म्हणजे नुसतं एक टिंब. शेजारी बसून ज्यांच्याशी मी वर्षानुवर्षं डबा वाटून खाल्ला, त्यांची ही आतली बाजू मला पहिल्यांदाच दिसत होती. एकोणीस खुणा जमल्या. मी त्या सगळ्या राखणदाराला शिकवल्या.

गुणवत्ता विभागाच्या बाईंनी यात लक्ष घातलं. हा विभाग त्यांचा एकटीचाच आहे. त्या म्हणाल्या, "विसावी खूण उद्या कुणी काढली तर?" मी म्हटलं, तीही शिकवू. त्या म्हणाल्या, "म्हणजे आधी चूक होणार, मग तुम्ही शिकणार. याला आमच्याकडे रकाना नाही."

गोष्ट आमच्या घराच्या जिन्यात पसरली. आमच्या इमारतीत कुठलीही गोष्ट लिफ्टच्या आधी वर पोचते. समोरच्या वकिलांनी सल्ला दिला की प्रत्येकाकडून प्रतिज्ञापत्र घ्या, 'मी ओळ काढली आहे.' सासरे म्हणाले, "बटण, वायर आणि दिवा ठेवा, ओळी मुळात लिहूच नका." हे ऐकून मी जिना चढत होतो, तेवढ्यात वरच्या मजल्यावरच्या सिस्टरबाई भाजीची पिशवी घेऊन खाली आल्या. निवृत्त आहेत. बत्तीस वर्षं ऑपरेशन थिएटरमध्ये काढली. त्यांनी माझी सगळी कर्मकहाणी कठड्याला टेकून ऐकली.

"शोधता कशाला?" त्या म्हणाल्या. "मोजा."

"काय मोजू?"

"आम्ही काय करायचो? गॉजचे तुकडे मोजून ताटात घ्यायचे. वीस आत गेले, तर वीस बाहेर आले पाहिजेत. पोट शिवायच्या आधी मोजणी. एकोणीस भरले की शिवायचं नाही. मग पेशंटच्या पोटात शोधा, टेबलाखाली शोधा, कुठेही शोधा. पण आधी टाका घालायचा नाही."

"आणि सर्जनने ऐकलं नाही तर?"

"ऐकत नाही म्हणजे?" सिस्टरबाईंना माझा प्रश्नच कळला नाही. "एकदा फार मोठे सर्जन होते. त्यांना विमान गाठायचं होतं. एक तुकडा कमी. मी म्हटलं, सर, नाही जुळत. उभे राहिले पंचवीस मिनिटं हात वर धरून. शेवटी त्यांच्याच बुटाखाली निघाला. 'थँक्यू सिस्टर' म्हणाले आणि मग शिवलं. तेव्हा मी नोकरीला लागून चार महिने झाले होते."

एवढं सांगून त्या भाजी आणायला गेल्या. मी जिन्यातच उभा राहिलो. बत्तीस वर्षांत या बाईने किती जणांची पोटं अशी मोजून बंद केली असतील, आणि त्यांतल्या एकालाही त्यांचं नाव माहीत नसेल. आम्ही तर त्यांना फक्त पाण्याचा पंप बंद करायला विसरल्या की ओळखत होतो. मला जिन्यात, भर दुपारी, अंगावर काटा आला हे मी कबूल करतो.

दुसऱ्या दिवशी मी योजना मांडली. प्रत्येक खुणेमागे एक वस्तू. प्रोग्रॅममध्ये थांबा घातला की ताटलीतून एक नंबर घातलेला चिमटा उचलायचा आणि कॉलरला लावायचा. ओळ काढली की चिमटा परत ताटलीत. रिलीजच्या दिवशी ताटलीत बारा चिमटे भरले तरच माल बाहेर. साहेबांनी मान डोलावून सही केली, कारण त्यांना पाच मिनिटांत दुसरी मीटिंग होती.

कपड्यांचे बारा चिमटे विकत घ्यायला खरेदीच्या कागदावर 'वापराचं प्रयोजन' लिहावं लागतं. मी 'रुग्णसुरक्षा' लिहिलं. कागद परत आला, चिमटे वैद्यकीय दर्जाचे असल्याचा दाखला जोडा म्हणून. शेवटी मी आमच्या बाल्कनीतलेच बारा लाल चिमटे मागितले. बायको म्हणाली, "न्या, पण परत आणा. बाराच्या बारा." कोणता चिमटा कुणी नेला याची नोंदवही ठेवायची असंही ठरलं होतं, पण गुणवत्ताबाईंनी नोंदवहीचा नमुना मंजुरीसाठी स्वतःकडेच पाठवला आणि त्यावर त्या विचार करत होत्या. मी म्हटलं, नोंद कशाला, आपण सुशिक्षित माणसं आहोत.

चार आठवडे आमचं ऑफिस वाळत घातल्यासारखं दिसत होतं. दोन दोन चिमटे लावून माणसं मीटिंगला बसायची. पण गंमत अशी, की चिमटा लागला की माणूस जपून चालायचा. जेवायला उठताना हात आपोआप कॉलरकडे जायचा. मऊ बोलणाऱ्या बाईंनी तर एकदा घरी पोचल्यावर फोन करून सांगितलं, "माझ्याकडे चार नंबर आहे, मी विसरलेले नाही." मला भरून आलं.

रिलीजचा दिवस उजाडला. दुसऱ्या दिवशी सकाळी हॉस्पिटलचं उद्घाटन. दोनशे चाळीसच्या दोनशे चाळीस बटणं दाबून झाली होती, सगळी वाजली होती. राखणदाराने सगळ्या ओळी वाचल्या आणि बोंब मारली नाही. दुपारी तीनला मी ताटली टेबलावर ठेवली आणि मोजले.

अकरा.

पुन्हा मोजले. गुणवत्ताबाईंनी मोजले. सात नंबर नव्हता.

"पडला असेल कुठेतरी," साहेब म्हणाले. "पाठवून द्या."

"मोजणी जुळत नाही," मी म्हटलं. माझा आवाज मलाच ओळखू आला नाही. "शिवायचं नाही."

"काय शिवायचं नाही?"

"पाठवायचं नाही."

"एका चिमट्यासाठी दोनशे चाळीस बेड अडवणार? सगळं वाजतंय ना? पाच वाजता तिकडची माणसं वाट बघत बसतील. उद्या उद्घाटनाला त्यांना काय सांगू, आमचा चिमटा हरवला म्हणून?"

 नोकरी गेली तर सासरे काय म्हणतील ते मला शब्दशः ठाऊक होतं. तेवढ्यात गुणवत्ताबाई शांतपणे म्हणाल्या, "नोंदवहीचा नमुना मंजूर नाही, पण मोजणीचा नियम मंजूर आहे. बारा लिहिलंय. सही तुमची आहे." साहेबांनी स्वतःची सही बराच वेळ न्याहाळली.

मग शोधाशोध. टेबलं सरकवली. एक कर्णफूल, तीन पेनं आणि मागच्या वर्षीचा एक रजेचा अर्ज सापडला. चिमटा नाही. मी सगळ्यांना उभं करून प्रामाणिकपणावर दहा मिनिटं बोललो. रुग्ण, जबाबदारी, विश्वास, सगळं घेतलं. बोलता बोलता माझी नजर मौनीवर जाऊन थांबली, कारण तो काहीच बोलत नव्हता. तो कधीच बोलत नाही, हे त्या क्षणी माझ्या डोक्यात आलं नाही. "कुणी गप्प बसून प्रश्न सुटत नाहीत," मी त्याच्याकडे बघून म्हटलं. मौनी उठला. त्याने आपली बॅग माझ्या टेबलावर उलटी केली. डबा, छत्री, चष्म्याचं घर आणि बायकोने दिलेली औषधांची यादी. मग एकेक वस्तू परत आत ठेवली आणि जागेवर जाऊन बसला.

साडेचारला मी घरी फोन केला, उशीर होईल सांगायला.

"बरं," बायको म्हणाली. "आणि उरलेले चिमटे कधी आणताय? एकच आणलात."

"एकच म्हणजे?"

"गुरुवारच्या निळ्या शर्टाच्या कॉलरला होता ना. मशीनमध्ये टाकताना काढला, दोरीवर लावला. माझाच चिमटा, मला वाटलं परत करायला सुरुवात केली तुम्ही."

"त्यावर नंबर आहे का काही?"

"थांबा, बघते." पावलं वाजली. "सात. टॉवेल लटकलाय त्याला."

फोन ठेवून मी वळलो. नऊ माणसं माझ्याकडे बघत होती. प्रामाणिकपणावरचं ते भाषण हवेत अजून ताजं होतं. मी म्हटलं, "माझा आहे." याहून लांब वाक्य त्या वेळी मला जमलं नसतं.

कुणी हसलं नाही. मौनीने आपली खुर्ची ओढत आणून माझ्या शेजारी ठेवली आणि म्हणाला, "गुरुवारी काय बघत होतात?"

गुरुवारी मी काय बघत होतो ते आठवायला दहा मिनिटं लागली. मला त्या आजोबांची दुसरी हाक बघायची होती. पहिली हाक आत येते ते ठाऊक होतं. कुणी येत नाही म्हणून माणूस दुसऱ्यांदा दाबतो, तेव्हा यंत्रात काय होतं ते मला एकदा डोळ्यांनी बघायचं होतं. म्हणून मी सांगून ठेवलं होतं, एकाच बेडवरून मिनिटभरात दुसरी हाक आली तर उभा राहा. ते मी माझ्या पद्धतीने लिहिलं होतं. सगळ्यांच्या एकोणीस खुणा मी कानात घेतल्या, माझी विसावी मात्र मला कुणी विचारली नाही आणि मीही स्वतःला विचारली नाही. राखणदार तिच्यावरून रोज सलाम करून पुढे जात होता.

मौनीने चाचणीचं बटण एकदा दाबलं. टिंग. पुन्हा दाबलं.

काही नाही.

त्याने शेजारच्या बेडचं दाबलं. मग पलीकडचं. मऊ बोलणाऱ्या बाई पुढे आल्या आणि त्यांनी दहा-बारा बटणं भराभर दाबली. दोनशे चाळीस बेड मुके झाले होते. आमच्या सगळ्या चाचण्यांत माणसं प्रत्येक बटण एकदा दाबत होती, टिंग ऐकत होती, खूश होऊन पुढच्या बटणाकडे जात होती. आमच्यातल्या कुणालाही काही दुखत नव्हतं. दोनदा दाबायची वेळ ज्याच्यावर येणार होती, तो माणूस अजून त्या बेडवर यायचा होता.

साहेब खाली बसले.  आणि एक टॉवेल धरून ठेवणाऱ्या प्लास्टिकच्या तुकड्याने हे सगळं अडवून धरलं होतं.

ओळ काढायला चार सेकंद लागली. राखणदाराला विसावी खूण शिकवली. मी मौनीची माफी मागितली, तो म्हणाला, "असू दे." मग मी म्हटलं, पाठवू या. तर साहेबच म्हणाले, "ताटलीत किती आहेत?"

"अकरा."

साहेबांनी गाडीची किल्ली उचलली आणि स्वतः आमच्या घरी गेले. बायकोने त्यांना ओळखलं नाही. टॉवेल काढून चिमटा दिला आणि वर बजावलं, "परत पाठवायला सांगा हं, पावणेसहा झाले, कपडे अजून ओले आहेत." साडेसहाला साहेबांनी आपल्या हाताने सात नंबर ताटलीत ठेवला. सिस्टरबाईंच्या भाषेत सांगायचं तर, मग आम्ही शिवलं.

सकाळी उद्घाटन झालं. पाहुण्यांनी एक बटण एकदा दाबलं, टिंग वाजलं, टाळ्या झाल्या आणि सगळे चहाकडे गेले. मी गेलो नाही. तिसऱ्या मजल्यावर, सिस्टरांच्या टेबलाजवळच्या बाकावर, कुणाचा तरी नातेवाईक असल्यासारखा बसून राहिलो. दुपारपर्यंत पेशंट येऊ लागले. समोरच्या खोलीत पायाला प्लॅस्टर घातलेल्या एक आजी आल्या. उशाशी बटण बघून त्यांनी ते निरखलं, आणि थोड्या वेळाने दाबलं. टिंग. सिस्टर लांब, दुसऱ्या टोकाला होत्या. त्या निघाल्या, पण आजींना त्या दिसत नव्हत्या. आजींनी थोडी वाट बघितली आणि पुन्हा अंगठा टेकवला.

त्या एका क्षणात माझी सहा वर्षांची नोकरी, सहा आठवडे, सगळं त्या अंगठ्याखाली होतं. 

टिंग.

मी डोळे पुसले. बाकावर कुणी नव्हतं, त्यामुळे चाललं.

सिस्टर खोलीत शिरल्या. "आजी, एकदा दाबलं की कळतं आम्हाला. दोनदा कशाला दाबता?"

"तुम्हाला कळतं गं," आजी म्हणाल्या. "पण तुम्हाला कळलं, हे मला इथे पडल्या पडल्या कसं कळणार?"

सिस्टर पडदा ओढू लागल्या. मी बाकावर तसाच बसलो होतो. चाळीस हजार ओळी लिहिल्या, दहा माणसांनी मिळून लिहिल्या, आणि हा प्रश्न त्यातल्या एकाही ओळीत नव्हता. बटणाजवळ एक बारीकसा दिवा, कळलं म्हणून सांगणारा. बस, इतकंच हवं होतं. बटण, वायर आणि दिवा.

"तुम्ही कोणाचे?" बाहेर येत सिस्टरांनी मला विचारलं. "भेटायची वेळ चारला आहे."

मी म्हटलं, "आजींचा," आणि उठून खाली आलो.